चौकोनी खिडकीतून दिसणारे जग

न्यूयॉर्कमधील बँक स्ट्रीट शाळेत एकदा मुलांना एक साधा प्रश्न विचारण्यात आला : शाळेत येताना वाटेत काय काय पाहिले? मुलांचे उत्तर होते, 'काही नाही.' जगातील सर्वाधिक गजबजलेल्या शहरांपैकी एका शहराच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या मुलांनी काहीच पाहिले नव्हते. नंतर त्याच मुलांच्या हाती कॅमेरे देण्यात आले. रस्ता तोच होता, इमारती त्याच होत्या, माणसेही तीच होती. परंतु हातात कॅमेरा येताच मुलांना त्या रस्त्यावर कितीतरी गोष्टी दिसू लागल्या. डोळे आधीही उघडेच होते. पाहण्यासाठी एक निमित्त हवे होते, ते कॅमेऱ्याने पुरवले.

ही हकीकत टाना होबन नावाच्या एका छायाचित्रकर्तीच्या वाचनात आली आणि तिच्या मनात घर करून राहिली. मुलांची छायाचित्रे काढणे हा तिचा व्यवसायच होता आणि त्यात तिने चांगला लौकिक मिळवला होता. मात्र मुलांकडे पाहणे वेगळे आणि मुलांच्या डोळ्यांनी पाहणे वेगळे. बँक स्ट्रीटच्या त्या हकीकतीने तिला या दुसऱ्या वाटेकडे वळवले. मुलांनी ज्या वस्तूंकडे पाठ फिरवली आहे त्या वस्तूंकडे त्यांना पुन्हा वळवावे, तेही उपदेशाचा एक शब्द न उच्चारता, केवळ छायाचित्राच्या खेळातून, या विचारातून बालपुस्तकांची एक अनोखी मालिका जन्माला आली.

टाना होबनचा जन्म १९१७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे, रशियन साम्राज्यातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. धाकटा भाऊ रसेल होबन पुढे लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. तो शब्दांच्या वाटेने गेला, बहीण प्रकाशाच्या. तिने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि नंतर कॅमेरा हाती घेतला. तिचे मुलांसाठीचे पहिले पुस्तक, 'शेप्स अँड थिंग्ज', १९७० साली प्रकाशित झाले. त्या वेळी तिचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. ज्या वयात पुष्कळांना निवृत्तीच्या हिशेबाचे वेध लागतात, त्या वयात तिने नवे खाते उघडले आणि पुढील तीस वर्षांत पन्नासांहून अधिक पुस्तके त्यात जमा केली. ऐंशी वर्षे उलटल्यानंतरही तिची नवी पुस्तके येतच राहिली. आयुष्याचा उत्तरार्ध तिने फ्रान्समध्ये घालवला आणि २००६ साली तिचे निधन झाले.

गंमत अशी की छायाचित्रांच्या या पहिल्या पुस्तकासाठी तिने कॅमेरा वापरलाच नाही. 'शेप्स अँड थिंग्ज'मधील चित्रे फोटोग्राम या पद्धतीने तयार केलेली आहेत. अंधाऱ्या खोलीत, छायाचित्राच्या कागदावर परिणाम न करणाऱ्या मंद तांबड्या उजेडात, प्रकाशाला संवेदनशील असलेला कागद पसरायचा, त्यावर थेट वस्तू मांडायच्या, क्षणभर पांढरा प्रकाश पाडायचा आणि कागद रसायनात बुडवायचा. जेथे प्रकाश पडला तेथे कागद काळा होतो. जेथे वस्तूने प्रकाश अडवला तेथे तो पांढरा राहतो. काळ्या पार्श्वभूमीवर वस्तूची पांढरी आकृती तेवढी उमटते. रंग गेला, चकाकी गेली, किंमत गेली. उरला केवळ आकार. रोजच्या हाताळणीत डोळ्यांआड झालेली घरातील एखादी वस्तू अशी पांढऱ्या छायेच्या रूपात समोर आली की मूल क्षणभर थबकते. ओळख पटते आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. हे हसू म्हणजे ज्ञानाची पहिली पायरी असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

कल्पनेच्या या झाडाचे बीज मात्र त्यापूर्वी चाळीस वर्षे रुजलेले होते. १९३० साली अमेरिकेत 'द फर्स्ट पिक्चर बुक' नावाचे एक पुस्तक प्रकाशित झाले. त्याची कल्पना मेरी स्टायकेन मार्टिन हिची आणि छायाचित्रे तिचे वडील, विख्यात छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांची. परीकथांच्या काल्पनिक जगापेक्षा तान्ह्या मुलांना त्यांच्या अवतीभवतीच्या खऱ्या वस्तूंची स्पष्ट चित्रे पाहायला मिळावीत, असा या आईचा आग्रह होता. पुस्तकात अवघी चोवीस छायाचित्रे आणि मजकूर मुळीच नाही. नामवंतांची छायाचित्रे टिपणाऱ्या एका ख्यातनाम कलावंताने मुलीच्या सांगण्यावरून घरगुती साध्या वस्तूंसमोर कॅमेरा लावला आणि त्याही कामात तीच निष्ठा ओतली, यातच मोठा बोध आहे. मुलांसाठी म्हणून केलेले काम दुय्यम दर्जाचे चालते, हा समज त्या बापलेकीने पहिल्याच पुस्तकात खोडून काढला.

१९७१ साली आलेल्या 'लुक अगेन!' या पुस्तकात टाना होबनने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. एक कोरे पांढरे पान. त्याच्या मधोमध कापलेली एक छोटी चौकोनी खिडकी. खिडकीतून खालच्या छायाचित्राचा तेवढाच तुकडा दिसतो : काही रेषा, काही ठिपके, एखादा खडबडीत पोत. हे काय असेल? मूल तर्क करते. पान उलटले की संपूर्ण चित्र समोर येते आणि तर्क खरा ठरतो किंवा फसतो. आणखी एक पान उलटले की तीच गोष्ट थोड्या लांबून, तिच्या परिसरासह दिसते. अंश, पूर्ण आणि परिसर अशा तीन पायऱ्यांचा हा खेळ आहे. संपूर्ण पुस्तकात शब्द नाही. पण पान उलटण्यापूर्वीचा तो क्षण, ज्यात मूल श्वास रोखून विचार करते, तो क्षण हेच या पुस्तकाचे खरे वैभव होय.

या खेळात एक सूक्ष्म शिकवण दडलेली आहे आणि ती सांगितली जात नाही म्हणूनच ती रुजते. तुकड्यावरून केलेले अनुमान चुकू शकते, हे मूल येथे हसत हसत शिकते. चुकल्याबद्दल कोणी रागावत नाही, गुण कमी होत नाहीत, शेजारच्या मुलाशी तुलना होत नाही. उलट तर्क जितका फसवा, तितका आनंद मोठा. मोठ्या माणसांच्या व्यवहारात अर्धवट माहितीवरून ठाम मत बनवण्याची केवढी घाई असते! एखाद्याविषयी कानावर आलेला एक तुकडा आणि त्यावर उभारलेला निकालाचा इमला, हे दृश्य कोणत्या घरात, कोणत्या समाजात पाहायला मिळत नाही? पान उलटेपर्यंत थांबावे, हा धडा लहानपणीच खेळातून मिळाला तर तो आयुष्यभर पुरेल.

होबनच्या पुस्तकांतील आकड्यांची पुस्तके तर विशेष लोभस आहेत. 'काउंट अँड सी' हे १९७२ सालचे पुस्तक रस्त्याकडेच्या एका अग्निशामक नळापासून सुरू होते आणि शेंगांतील शंभर मटारदाण्यांपर्यंत जाऊन पोहोचते. शंभर हा आकडा फळ्यावर लिहिला की ती तीन चिन्हे असतात. शेंगा सोलून मांडलेले शंभर दाणे मात्र खरोखरच शंभर असतात. शंका आली तर मूल बोट ठेवून ते मोजू शकते, आणि बहुतेक मुले ते मोजतातच. चित्रकाराने काढलेल्या चित्रात एखादा दाणा कमी-अधिक झाला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. छायाचित्रात मात्र ते दाणे कोणीतरी प्रत्यक्ष मोजून ठेवलेले असावे लागतात. हिशेबात ताळा जुळला की जे समाधान मिळते, त्याची पहिली चव त्या मटारदाण्यांत आहे.

१९८७ साली आलेले 'ट्वेंटी सिक्स लेटर्स अँड नाइन्टी नाइन सेंट्स' हे पुस्तक दोन्ही बाजूंनी उघडते. एका बाजूने उघडले तर इंग्रजी मुळाक्षरे आणि त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या वस्तू. उलटे करून दुसऱ्या बाजूने उघडले तर आकडे आणि त्या रकमेची नाणी. अमेरिकेत एक, पाच, दहा आणि पंचवीस सेंटची नाणी प्रचलित होती. पैकी दहा सेंटचे नाणे आकाराने एक सेंटच्या नाण्याहूनही लहान असते. जे मोठे ते मोलाचे, हा बालमनाचा भाबडा हिशेब त्या एका नाण्याने मोडीत निघतो. आकार आणि मूल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व एरव्ही सांगायचे तर किती शब्द खर्ची पडले असते! शिवाय एकच रक्कम अनेक प्रकारे मांडता येते, हा आनंद वेगळाच. नव्व्याण्णव सेंट कमीत कमी नाण्यांत मांडायचे तर पंचवीसची तीन, दहाची दोन आणि एकची चार, अशी नऊ नाणी लागतात. हेच कोडे आपल्याकडच्या नव्व्याण्णव रुपयांचे घातले, तर पन्नासची एक, वीसच्या दोन, पाचचे एक आणि दोनची दोन, अशा सहा नोटा-नाण्यांत ते सुटते.

नाण्यांचा हा खेळ आजच्या मुलांसाठी तर अधिकच निकडीचा झाला आहे. वाण्याच्या दुकानातील काउंटरवर मोबाइल धरला की यंत्रातून रक्कम जमा झाल्याची घोषणा होते आणि व्यवहार पुरा होतो. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सुटे परत घेताना मोजण्याची, तळहातावर नाणी पसरून बेरीज करण्याची, खिशात त्यांचा खुळखुळाट ऐकण्याची संधी त्या व्यवहारात उरत नाही. पैसा ही पडद्यावरून नाहीशी होणारी संख्या आहे, असे ज्या मुलाला वाटते त्याला काटकसर शिकवणे कठीण जाते. चार नाणी समोर मांडून पाहणे हा अर्थशिक्षणाचा सर्वांत स्वस्त वर्ग आहे.

छायाचित्रांच्या या खेळाला वेगळ्याच उंचीवर नेले ते वॉल्टर विक या छायाचित्रकाराने. कनेक्टिकट राज्यात १९५३ साली जन्मलेला हा गृहस्थ कोड्यांच्या एका मासिकासाठी छायाचित्रांची कोडी तयार करीत असे. एकदा त्याने आपल्या कार्यशाळेतील स्क्रू, नट, क्लिपा आणि अशाच बारीकसारीक वस्तू नीट मांडून त्यांचे छायाचित्र काढले. ज्या पसाऱ्याला कोणत्याही घरात 'अडगळ' म्हणून नाक मुरडले जाते, त्याच पसाऱ्याचे ते चित्र बालवाडीच्या एका मासिकाच्या संपादिका जीन मारझोलो यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यातून पुढे १९९२ साली 'आय स्पाय' हे पुस्तक साकार झाले. चित्रे विकची आणि यमकबद्ध कोडी मारझोलोंची. दोन पानांवर पसरलेले एक भव्य छायाचित्र, त्यात खेळणी, मणी, बटणे, शंख, गोट्या यांची दाटी, आणि त्यात काय काय शोधायचे ते सांगणाऱ्या चार ओळी. या पुस्तकाने जगभरातील मुलांना अक्षरशः पालथे पाडले; कारण ही मुले पुस्तक जमिनीवर पसरून, पालथी पडून, नाक पानाला लावून शोध घेत बसतात.

त्या चित्रांमागील परिश्रम पाहिले म्हणजे खेळ हा शब्द किती गंभीर आहे ते कळते. विक प्रत्येक देखावा आपल्या स्टुडिओत प्रत्यक्ष उभारीत असे. वस्तू मांडायच्या, प्रकाशाची दिशा ठरवायची, कोणती सावली कोठे पडेल ते पाहायचे, काही वस्तू सहज दिसतील अशा तर काही दिसूनही ओळखू येणार नाहीत अशा ठेवायच्या. नंतर आठ गुणिले दहा इंचांच्या फिल्मवर चित्र टिपणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यायचे. फिल्मचा आकार मोठा असल्याने लहानात लहान मण्यावरील चमकही स्पष्ट उमटते आणि शोधणाऱ्या डोळ्याला दगा होत नाही. छायाचित्र मनासारखे आले की उभारलेला देखावा मोडून टाकला जाई. इतक्या कष्टाने मांडलेला संसार एका चित्रापुरता उभा राहायचा आणि मग केवळ पुस्तकाच्या पानावर शिल्लक राहायचा. दिवाळीत अंगणात काढलेली मोठी रांगोळी किंवा किल्ला ज्याने पाहिला आहे, त्याला यातील गोडी आणि हुरहुर दोन्ही समजतील.

विकचे १९९७ सालचे 'अ ड्रॉप ऑफ वॉटर' हे पुस्तक जिज्ञासू मुलांसाठी तर एक मोलाचा ठेवाच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या जुन्या विज्ञानपुस्तकांतील प्रयोगांवरून त्याला याची प्रेरणा मिळाली. विषय एकच : पाणी. पडता थेंब, पाण्याचा ताणलेला पृष्ठभाग, साबणाचा फुगा, वाफ, दव, हिमकण. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे आठपट असते. तरीही पोलादाची टाचणी अलगद आडवी ठेवली तर पाण्याच्या पृष्ठभागावर राहते. ती तरंगत नसते. पृष्ठभागावरील जलकण एकमेकांना आत ओढून धरतात, त्यामुळे तेथे जणू एक ताणलेले पातळ आवरण तयार होते, आणि टाचणी त्यावर टेकलेली असते. टाचणीखाली पाण्याला पडलेला किंचित खळगा छायाचित्रात स्पष्ट दिसतो. वाटीभर पाण्यात हा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतो. टाचणी हाताने ठेवली तर बहुधा बुडते. टिश्यूच्या लहान तुकड्यावर ठेवून तो तुकडा हलकेच खाली ढकलला तर जमते. नंतर त्याच पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. टाचणी क्षणात तळाला जाते आणि मुलाच्या तोंडून 'का?' हा प्रश्न आपसूक निघतो.

१९९८ साली त्याने दृष्टिभ्रमांचे एक पुस्तक केले. छायाचित्र खोटे बोलू शकत नाही, असा एक सार्वत्रिक समज असतो. विकने संगणकाची कोणतीही करामत न करता, केवळ आरसे, प्रकाश आणि कोन यांच्या साहाय्याने हा समज हलवून टाकला. माणसाला दोन डोळे आहेत. दोन्ही डोळ्यांना वस्तू किंचित वेगवेगळ्या जागेवरून दिसते आणि त्यावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. त्यामुळे एका विशिष्ट बिंदूवरून पाहिले असता अशक्य वाटणारी रचना प्रत्यक्षात लाकडाच्या दोन सुट्या तुकड्यांची असू शकते. बाजूला दोन पावले सरकले की भ्रम संपतो. या पुस्तकाचा मोठेपणा असा की ते मुलाला फसवते आणि लगेच गुपितही उघड करते. जादूगार रहस्य राखून ठेवतो. शिक्षक ते वाटून टाकतो. विक शिक्षकांच्या रांगेत बसतो.

याच परंपरेत सॅक्स्टन फ्रेमन आणि योस्ट एल्फर्स यांची फळभाज्यांची पुस्तके येतात. १९९९ सालच्या त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच कोटी आहे : 'कसे वाटते आहे?' या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नातील एक अक्षर बदलून त्यांनी तेथे साल सोलण्याची क्रिया आणून बसवली. आत संत्री, ढबू मिरच्या आणि अशी अनेक मंडळी रुसलेली, लाजलेली, खुदकन हसणारी दिसतात. चेहरा बहुतांशी निसर्गानेच दिलेला असतो. कलावंताचे कौशल्य तो ओळखण्यात आहे. डोळे मात्र चवळीच्या दाण्यांचे. आपल्या डब्यातील चवळीच्या अंगावर तो काळा ठिपका किती वर्षांपासून आहे, पण त्यात डोळा पाहायला कोणीतरी खेळकर मनुष्य लागला! ज्या मुलाला आपला राग शब्दांत सांगता येत नाही, ते मूल रुसलेल्या संत्र्यावर बोट ठेवून तो सांगू शकते.

या सर्व पुस्तकांचा विचार करताना एक प्रश्न आज टाळता येत नाही. मुलांच्या हाती असलेल्या पडद्यावर आता छायाचित्रांचा पूर लोटला आहे. त्यांतील कित्येक चित्रे अशी की त्यांतील वस्तू कोणत्याही कॅमेऱ्यासमोर कधीच नव्हती; संगणकाने ती सांगितल्याबरहुकूम रचलेली आहेत. अशा काळात होबनच्या मटारदाण्यांचे आणि विकच्या पसाऱ्याचे मोल वाढते. 'हे खरोखर होते आणि कोणीतरी ते लक्षपूर्वक पाहिले' असा विश्वास ही पुस्तके देतात. आणि त्याच वेळी 'पण कोठून पाहिले, ते विचार' असा इशाराही देतात. विश्वास आणि विवेक हे दोन्ही एकाच खेळात शिकवणारे साधन दुसरे क्वचितच सापडेल. ज्या मुलाने थांबून पाहण्याची सवय लावून घेतली नाही, त्याला पुढे कोणीही काहीही दाखवून पटवू शकेल. येथे जे पणाला लागले आहे ते केवळ एका पुस्तकप्रकाराचे भवितव्य नव्हे.

दुसरी बाब अधिक जिव्हाळ्याची आहे. आज अनेक कुटुंबांतील नातवंडे परदेशी वाढत आहेत. आजीचे इंग्रजी जेमतेम आणि नातवाचे मराठी त्याहून तोकडे. वर्षातून एकदा भेट होते तेव्हा प्रेम उदंड असते, पण संभाषण 'जेवलास का?' आणि 'ये इकडे' याच्या पुढे सरकत नाही. पुस्तक वाचून दाखवावे तर ते कोणत्या भाषेतील? अशा वेळी होबनची शब्दहीन पुस्तके एखाद्या पुलासारखी उभी राहतात. तेथे मजकूरच नसल्याने कोणाचे उच्चार चुकत नाहीत, कोणाला लाजावे लागत नाही. चौकोनी खिडकीतील ठिपक्यांकडे पाहून आजी म्हणते, 'सीताफळ!' नातू आपल्या भाषेत भलतेच काही ओरडतो. पान उलटते, दोघांचाही अंदाज चुकतो, आणि दोघेही मनापासून हसतात. त्या हसण्याच्या आठवणीबरोबर 'सीताफळ' हा शब्द नातवाबरोबर विमानात बसून जातो. पाठांतराने जे दहा वर्गांत साधत नाही ते एका दुपारीत साधते.

मोठ्यांनी मात्र एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. पुस्तक हाती येताच 'हे काय? ते काय? रंग कोणता? स्पेलिंग सांग' अशी सरबत्ती सुरू झाली की खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून निघून जाते. होबनने पानांवर शब्द ठेवले नाहीत ते विचारपूर्वक. ती रिकामी जागा मुलाने भरायची आहे. मुलाला एखाद्या पानावर पाच मिनिटे थांबावेसे वाटले तर थांबू द्यावे. ते मटारदाणे मोजत असेल तर मधेच बेरीज सांगून टाकू नये. घाई मोठ्यांना असते; मुलाला नसते, आणि तेच त्याचे भांडवल आहे.

ही परदेशी पुस्तके महाग असतात आणि सर्वत्र मिळतही नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु या पुस्तकांचे तंत्र कोणाच्या मालकीचे नाही. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. जाड, सुबक आणि टाकवत नाही म्हणून कपाटात राहिलेला. त्यातील एका पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मधोमध एक इंचाचा चौकोन आखून तो कापावा. झाली खिडकी तयार. ती आजीच्या लुगड्याच्या काठावर ठेवावी, फणसाच्या सालीवर ठेवावी, जोंधळ्याच्या कणसावर, देवघरातील समईच्या नक्षीवर, वर्तमानपत्रातील छायाचित्रावर ठेवावी. मोबाइलमधील कॅमेऱ्याचाही येथे उत्तम उपयोग होतो : मुलाने घरातील वस्तूंचे अगदी जवळून तुकडे टिपावेत, संध्याकाळी सर्वांना एकेक दाखवावेत आणि ओळखायला लावावे. जो पडदा मुलाला घरापासून दूर नेतो असा आरोप होतो, तोच पडदा मग त्याला घराच्या कोनाकोपऱ्यांत फिरवून आणतो.

या खेळात एक नियम असावा. प्रश्न मुलाने विचारायचा आणि उत्तर मोठ्यांनी शोधायचे. दिवसभर उत्तरे देऊन थकलेल्या मुलाला प्रश्नकर्त्याचे आसन मिळाले की त्याची कळी कशी खुलते ते पाहण्यासारखे असते. आजोबांनी चष्मा पुसून, खिडकीत डोळा घालून, दोनदा चुकीचे उत्तर द्यावे. तिसऱ्यांदाही ओळखता आले नाही, तर मुलाने पत्रिका उचलून दाखवावी.